नकाशा बोटाखालून सरकला: एका पूर नियंत्रण कक्षातल्या टच टेबलाची गोष्ट

पार्श्वभूमी

हा पश्चिम महाराष्ट्रातला नदीकाठचा एक जिल्हा. कोणता ते सांगत नाही. माणसांची आणि कंपनीची नावंही काढून टाकली आहेत. या पट्ट्यात जुलै उजाडला की माणसं फुटांत बोलायला लागतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. २०१९ च्या महापुरात पाणी या आकड्यांच्या कितीतरी वर गेलं. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातही नियंत्रण कक्ष नव्यानं उभा करायचं ठरलं आणि खरेदीच्या यादीत एक टच टेबल आलं.

टेबलाची कल्पना निवासी उपजिल्हाधिकारी मॅडमची. आधी कागदाचा मोठा नकाशा टेबलावर पसरायचा आणि महसूल, जलसंपदा, पोलीस, आरोग्य असे चार-पाच जण त्याभोवती उभे राहून बोलायचे. "आम्हाला तेच हवंय, फक्त कागद जिवंत पाहिजे," असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. मागणी म्हणून मला ती अजूनही उत्तम वाटते. पुढे जे चुकलं ते मागणीत चुकलं नव्हतं.

आलं ते असं: ६५ इंची फोरके स्क्रीन, कंबरेइतक्या उंचीवर आडवी बसवलेली, भोवती स्पर्श ओळखणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची चौकट. पृष्ठभाग साधारण १४४ सेंटिमीटर लांब आणि ८१ सेंटिमीटर रुंद. वरती ब्राउझरमध्ये चालणारा नकाशा. त्यावर गावं, रस्ते, पूररेषा, निवारा केंद्रं आणि यांत्रिक बोटींची चिन्हं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं: एकाच वेळी ४० टच. चार माणसांची चाळीस बोटं, हिशेब बरोबर होता.

आम्ही पुण्यातले दोघं. स्क्रीनवर माणसानं काय करायचं आणि स्क्रीननं काय उत्तर द्यायचं हे ठरवणं आमचं काम. आम्हाला बोलावलं ते टेबल बसवून झाल्यावर, मे महिन्याच्या मध्यात. नियंत्रण कक्ष १ जूनपासून चोवीस तास सुरू होणार होता.

रंगीत तालीम

आम्ही पहिल्यांदा टेबल पाहिलं ते तालमीच्या दिवशी. प्रसंग असा रचला होता: धरणातून विसर्ग वाढलाय, नदी धोका पातळीकडे चाललीय, काठावरची सात गावं हलवायची आहेत. टेबलाच्या दक्षिण कडेला मॅडम, समोर उत्तरेला जलसंपदाचे कार्यकारी अभियंता, डावीकडे पोलीस निरीक्षक, उजवीकडे एक नायब तहसीलदार ताई, ज्यांच्याकडे बोटींचं वाटप होतं.

पहिली दहा मिनिटं छान गेली. कौतुक होतं, सगळे हात लावून बघत होते. मग काम सुरू झालं आणि टेबल बिथरलं. निरीक्षकांनी नाकाबंदीची जागा बघायला नकाशा सरकवला, त्याच क्षणी अभियंत्यांनी बंधाऱ्यावर बोट टेकवलं, आणि नकाशा एकदम आकसून शेजारचे दोन जिल्हे दिसायला लागले. "कुणी हात लावला?" असा प्रश्न अर्ध्या तासात इतक्यांदा आला की शेवटी लोक हात मागे बांधून उभे राहिले.

खरा घोळ त्यानंतर झाला. नदीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावं, एक खुर्द आणि एक बुद्रुक. महाराष्ट्रात अशा जोड्या पैशाला पासरी आहेत. त्यावेळच्या झूमवर दोन नावांमध्ये तीन-चार सेंटिमीटरचं अंतर. ताईंनी बोटीचं चिन्ह निवडलं, खुर्दवर बोट टेकवलं, आणि ते उचलेपर्यंत निरीक्षकांनी पलीकडून नकाशा ओढला. बोट गेली बुद्रुकला. ताईंचं लक्ष तोवर पुढच्या गावाकडे गेलं होतं.

हे कळलं वीस मिनिटांनी, जेव्हा बुद्रुकच्या तलाठ्यांचा फोन आला, "आमच्याकडं बोट पाठवल्याचा मेसेज आलाय, पण आमचं गाव तर यादीतच नाही." तालीम होती म्हणून लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. दोन गावांमधला पूल पाण्याखाली गेला की एका काठावरून दुसऱ्या काठावर ट्रेलरवरची बोट न्यायची म्हणजे वरच्या अंगाच्या पुलापर्यंत जाऊन वळसा. तेवढ्या वेळात खुर्दमध्ये काय झालं असतं हे त्या खोलीतल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नव्हतं.

(एक भाषिक गंमत इथेच सांगतो. मराठीत हाताचं बोट आणि पाण्यातली बोट एकाच अक्षरांत लिहितात. स्क्रीनवर एका ठिकाणी सूचना होती: 'बोट इथे ठेवा'. एका लिपिकानं प्रामाणिकपणे यांत्रिक बोटीचं चिन्ह तिथे नेऊन ठेवलं. आम्ही ती सूचना 'इथे दाबा' अशी केली. अख्ख्या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती.)

नेमकं काय होत होतं

पुरवठादाराच्या माणसाचं म्हणणं होतं की टेबल उत्तम आहे, लोकांना प्रशिक्षण द्या. त्यानं चाळीस टच मोजून दाखवले. खोटं काहीच नव्हतं. पण चाळीस बोटं ओळखणं वेगळं आणि चार माणसं ओळखणं वेगळं. इन्फ्रारेड चौकटीला कडेच्या किरणांत आडवं काय आलं एवढंच कळतं. ते कुणाचं बोट, हे कळत नाही. बोट आहे की शर्टाची बाही, हेसुद्धा नाही.

त्यावर नकाशाचं सॉफ्टवेअर फोनसाठी घडलेलं. फोनवर दोन बोटं आली की ती एकाच हाताची असणार हे गृहीत धरणं रास्तच आहे. बोटांमधलं अंतर वाढलं की नकाशा मोठा, कमी झालं की लहान, आणि हे सगळं दोन्हींच्या मधल्या बिंदूभोवती. टेबलावर एक बोट निरीक्षकांचं, दुसरं ८० सेंटिमीटरवर अभियंत्यांचं. निरीक्षकांनी बोट ४० सेंटिमीटर आत ओढलं की सॉफ्टवेअरच्या लेखी कुणीतरी अवाढव्य राक्षस चिमूट घेतोय आणि नकाशा निम्म्यावर यायला हवा. तो येत होता. अभियंत्यांनी तर फक्त बोट टेकवलं होतं, म्हणजे दाखवायला, जसं आपण कागदाच्या नकाशावर 'हे बघा इथे' म्हणताना टेकवतो.

खुर्द-बुद्रुकचं कारण यात आणखी एका गोष्टीची भर घालून तयार झालं होतं. सॉफ्टवेअर बोट टेकवल्याची जागा धरत नव्हतं, उचलल्याची धरत होतं. एकटा माणूस वापरत असेल तर दोन्ही एकच. चौघं असतील तर मधल्या निमिषात जमीन सरकलेली असते.

हे नवीन ज्ञान नव्हे. हेलसिंकीत २००७ मध्ये शहराच्या मध्यभागी एका काचेवर सिटीवॉल नावाची टच भिंत बसवली होती. तिथेही एकानं फोटो मोठा केला की शेजाऱ्याच्या फोटोवर तो चढायचा आणि अनोळखी माणसांत लुटुपुटीची भांडणं व्हायची. तिथे ते खेळात खपलं. आमच्याकडे खपणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

आमच्या हातात सोळा दिवस होते. नवीन यंत्र मागवायला पैसेही नव्हते आणि वेळही. कागदावर मांडलेल्या पर्यायांपैकी पाचांवर खरी चर्चा झाली.

सर्वांत सोपा: एक ऑपरेटर, एक माऊस, बाकीच्यांनी तोंडानं सांगायचं. आज तटस्थपणे बघताना वाटतं की हा पर्याय आम्ही फार लवकर बाजूला सारला. त्यात चूक व्हायला जागा कमी, आणि रात्रपाळीचे लोक पुढे तेच करायला लागले. पण मॅडमचा आक्षेप नेमका होता. एका माणसाच्या हातात सगळं गेलं की बाकीचे फोनवर जातात. टेबलाभोवती उभं राहण्याचं कारणच संपतं.

दुसरा, पाळी लावणं. कडेला बटण, ज्यानं दाबलं त्याच्याकडे ताबा, इतरांची बोटं निष्प्रभ. यंत्राला बोट कुणाचं ते कळत नसल्यामुळे ताबा माणसाकडे राहूच शकत नव्हता. ज्याचं बोट आधी पडलं तो मालक. शिवाय आम्ही गमतीनं एक प्रश्न विचारला: कलेक्टर साहेबांकडून ताबा परत कोण मागणार? लिपिकांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, आणि तेच उत्तर होतं.

तिसरा, प्रत्येकाला टॅब्लेट द्यायचा आणि टेबल फक्त दाखवायला ठेवायचं. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत स्वच्छ, कारण टॅब्लेट कुणाचा हे ठाऊक असतं. पण माना खाली जातात. आणि समोरचा काय करतोय हे डोळ्याच्या कडेनं दिसणं, हा टेबलाचा निम्मा उपयोग असतो. अभियंत्यांचा हात धरणाकडे वळला की निरीक्षक न सांगता त्या रस्त्याकडे बघतात. टॅब्लेटवर ते दिसत नाही.

चौथा, माणूस ओळखणारं टेबल. अशी टेबलं होऊन गेली आहेत. अमेरिकेतल्या मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल डिट्झ आणि डॅरन ली यांनी २००१ मध्ये डायमंडटच नावाचं टेबल केलं होतं. टेबलाखालच्या तारांतून बारीक विद्युत संकेत सोडायचा. माणसानं बोट टेकवलं की तो त्याच्या अंगातून त्याच्या खुर्चीत पोचायचा. कोणत्या खुर्चीत संकेत आला यावरून बोट कुणाचं ते कळे. मला त्या कल्पनेचं आजही अप्रूप आहे. पण ती माणसं खुर्चीत बसलेली होती. आमची फिरती, उभी, पावसात भिजून आलेली. हा पर्याय चर्चेत दहा मिनिटं टिकला, तोही माझ्या हौसेपोटी.

पाचवा पर्याय जमिनीचाच होता: मोठा नकाशा कुणालाच हलवता येऊ नये. ज्याला जवळून बघायचंय त्यानं त्यावर आपली छोटी खिडकी उघडावी, झूम काय करायचं ते तिच्यात करावं. इतरांच्या पायाखालची जमीन स्थिर.

पहिला निर्णय: नकाशा खिळवायचा

पाचवा पर्याय ऐकायला सोपा आणि पचायला अवघड होता. लाखो रुपयांचं टच टेबल घेऊन नकाशा हलणारच नाही म्हणजे काय, असं लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांनी विचारलं. रास्त प्रश्न. आम्ही त्यांना हिशेब दाखवला. जिल्ह्याची लांबी १२० किलोमीटर धरली तर टेबलावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर साधारण ८३० मीटर. अख्खा जिल्हा एका नजरेत बसतो, नदीची वळणं ओळखू येतात, तालुक्यांच्या हद्दी वाचता येतात. पण बोटाचं टोक टेकलं की त्याखाली जवळपास एक किलोमीटर झाकला जातो, म्हणजे गावठाण सगळंच. मोठा नकाशा बघायला पुरेसा, निवडायला नाही. निवडायला खिडकी लागणारच होती. मग हलवायचं काम तिच्यातच का नको?

भाऊसाहेब पटले की दमले ते सांगता येत नाही, पण हो म्हणाले.

खिडकी म्हणजे तळहाताहून थोडी मोठी चौकोनी चौकट. नकाशावर बोट दाबून धरलं की तिथे उघडते, आणि ती कुठून उघडली हे दाखवणारी एक रेघ मोठ्या नकाशाशी जोडलेली राहते. आतली बोटं आतलाच नकाशा हलवतात. एकाच वेळी जास्तीत जास्त चार. गाव निवडणं, बोट पाठवणं, निवारा केंद्र भरल्याची नोंद, सगळं खिडकीतच. आणि टेकवल्याची जागा धरायची, उचलल्याची नाही. ही दुरुस्ती आम्ही पहिल्या संध्याकाळीच केली. खरं तर ती एकटीनं खुर्द-बुद्रुकचा घोळ टाळू शकली असती. पण लोकांचे मागे बांधलेले हात तिनं पुढे आले नसते.

खिडकीबाहेर दोन बोटं आली तर? सुरुवातीला आम्ही अंतरावर भरवसा ठेवला होता. अंगठा आणि तर्जनी यांत २० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर सहसा पडत नाही, तेव्हा त्याहून लांबची बोटं वेगळ्या माणसांची धरायची. या स्क्रीनवर ते साधारण ५३० पिक्सेल. दुसऱ्या चाचणीतच हे कोसळलं. एकाच पुलाबद्दल बोलणारी दोन माणसं एकाच पुलावर बोट ठेवतात, आणि त्यांची बोटं चार सेंटिमीटरवर असतात. जिथे सहकार्य जास्त तिथेच नियम फसतो. मग बाहेरची झूम पूर्ण काढून टाकली. बाहेर बोट टेकवलं तर फक्त एक नारिंगी वर्तुळ उमटतं आणि दोन सेकंदांत विरतं. 'हे बघा इथे' म्हणायला तेवढं पुरतं. पुढे अधिकाऱ्यांना टेबलातलं काय आवडलं असं विचारलं तर बहुतेकांनी हे वर्तुळच सांगितलं.

दुसरा निर्णय: कडा कुणाच्या

२००४ मध्ये स्टेसी स्कॉट, शीला कार्पेंडेल आणि कोरी इंकपेन या संशोधकांनी साध्या टेबलांवर एकत्र काम करणारी माणसं बघून लिहिलं होतं की न ठरवता टेबलाची तीन प्रकारे वाटणी होते: प्रत्येकाच्या पोटाजवळची जागा त्याची, मधली सगळ्यांची, आणि सामान ठेवायची जागा सरकती. आम्ही ते वाचलेलं होतं, आणि कागदी नकाशाचे जुने फोटो मागवून बघितले तर तेच दिसलं. अभियंत्यांची डायरी त्यांच्या कडेला, पोलिसांचा वायरलेस संच त्यांच्या कडेला, मधे फक्त नकाशा आणि टाचण्या.

म्हणून चारही कडांना दहा सेंटिमीटरची पट्टी दिली. जलसंपदाच्या कडेला विसर्गाचे आकडे, महसूलच्या कडेला बोटी, पोलिसांच्या कडेला नाकाबंदी, आरोग्याच्या कडेला पथकं. कडेवरची अक्षरं त्या कडेला उभ्या माणसाकडे तोंड करून. हे किरकोळ वाटेल, पण देवनागरी उलटी वाचणं फार जड जातं. शिरोरेषा खाली गेली की 'म' आणि 'भ' तर सोडाच, शब्द कुठे तुटतो तेही चटकन कळत नाही. उत्तरेच्या कडेला उभे असलेले अभियंता तालमीत पूर्ण वेळ मान वाकडी करून होते आणि आम्हाला वाटलं त्यांना मानेचा त्रास आहे.

एखादी बोट पोलिसांना द्यायची तर ती त्यांच्या कडेकडे सरकवायची. सरकताना ती त्यांच्या दिशेला फिरते. कागद वळवून समोरच्यापुढे केला की 'आता हे तुमचं' असं न बोलता सांगितलं जातं, ते इथे स्क्रीननं करायचं. पण ८१ सेंटिमीटर पार करून बोटीचं चिन्ह घासत नेणं नायब तहसीलदार ताईंना जमत नव्हतं. त्यांची उंची कमी, टेबल उंच, आणि मधेच बाही टेकली की चौकटीला दुसरं बोट आल्यासारखं वाटायचं. बोटीचं चिन्ह नदीत सुटून जायचं. तेव्हा घासणं ऐच्छिक केलं. आधी चिन्हाला हात लावायचा, ते चमकायला लागतं, मग जिथे ठेवायचं तिथे हात लावायचा. ताई म्हणाल्या, "हे आधी का नव्हतं?" याचं उत्तर एवढंच की आम्ही दोघंही सहा फुटांच्या आसपासचे आहोत.

तिसरा निर्णय: साहेब आल्यावर

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दुसऱ्या तालमीला साहेब आले, टेबलाशी उभे राहिले आणि चारही बाजूंचे हात आपोआप उचलले गेले. साहेबांनी कुणाला थांबवलं नव्हतं. उलट "चालू द्या तुमचं" म्हणाले. कुणाचंच चालू राहिलं नाही.

साहेबांना खिडक्या आवडल्या नाहीत. "मी जे बघतोय तेच सगळ्यांनी त्या वेळी बघितलं पाहिजे. चौघं चार ठिकाणी बघत असतील तर माझी मीटिंग कशी होणार?" आम्हाला हा आधी अधिकारशाहीचा मुद्दा वाटला. रात्री लॉजवर बसून पुन्हा विचार केला तेव्हा लक्षात आलं की ते कामाबद्दलच बोलत होते. कक्षात दोन वेगळी कामं चालतात. एकात चौघं आपापलं करतात आणि एकमेकांकडे लक्ष ठेवतात. दुसऱ्यात एक जण बोलतो आणि सगळे ऐकतात. आम्ही पहिल्यासाठी टेबल घडवलं आणि दुसरं विसरलो.

मोठा नकाशा साहेबांपुरता मोकळा करावा, असा एक सोपा मार्ग होता. मॅडमनीच तो सुचवला. आम्ही नको म्हणालो, आणि हा या कामातला आमचा सर्वांत धोक्याचा नकार. साहेबांनी नकाशा हलवला की बाकीच्यांच्या खिडक्यांच्या रेघा कुठे जोडायच्या? पुन्हा खुर्द-बुद्रुक. त्याऐवजी भिंतीवरचा टीव्ही वापरला, जो तोवर फक्त बातम्यांना होता. प्रत्येक खिडकीवर एक बटण: 'भिंतीवर दाखवा'. दाबलं की ती खिडकी टीव्हीवर, उत्तर वर, अक्षरं सरळ, कुणाच्या कडेनं उघडली त्या रंगाची चौकट. साहेबांनी आपली खिडकी भिंतीवर टाकली, सगळे तिकडे वळले, आणि टेबल जसंच्या तसं राहिलं. त्यांचं समाधान झालं. हात मात्र तरीही उचललेलेच राहिले. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता, आजही नाही.

पावसाळा

त्या वर्षी नदीनं दोनदा इशारा पातळी ओलांडली, धोका पातळीला ती पोचली नाही. त्यामुळे टेबलाची खरी कसोटी लागली असं मी म्हणणार नाही. जे दिसलं ते सांगतो.

दिवसातल्या बैठकांना टेबल वापरात राहिलं. चुकीच्या गावाला आदेश गेल्याची नोंद टेबलावरून झाली नाही. पण टेबलावरून दिलेले आदेश मुळात थोडे. बरेचसे फोनवरच गेले आणि टेबलावर नंतर नोंदवले गेले. रात्री दोनच ऑपरेटर असायचे. ते कोपऱ्यातल्या संगणकावर माऊसनं काम करायचे आणि टेबलावर जेवणाचे डबे नसले तर वायरलेस संच असायचा. भिंतीवरचा टाचण्यांचा कागदी नकाशा कुणीही काढला नाही.

आम्ही न कल्पिलेल्या दोन गोष्टी झाल्या. पहिली, पाखरं. पावसाळ्याच्या रात्री उजेडाकडे येणारे किडे अंधाऱ्या खोलीतल्या उजळ टेबलावर येऊन बसायचे, आणि चौकटीच्या दृष्टीनं मोठं पाखरू म्हणजे बोट. नकाशा खिळवलेला होता म्हणून जिल्हा हलला नाही, पण रात्रभर नारिंगी वर्तुळं उमटत राहायची. ऑपरेटरांनी त्यावर स्वतःच तोडगा काढला: रात्री टेबल बंद.

दुसरी, 'मागे घ्या' बटण. एकच बटण होतं आणि ते टेबलावरची शेवटची कृती रद्द करायचं, मग ती कुणाचीही असो. आरोग्याच्या डॉक्टर मॅडमनी आपली चुकलेली नोंद मागे घ्यायला ते दाबलं. मधल्या दोन सेकंदांत पोलिसांनी लावलेली नाकाबंदी गायब झाली. निरीक्षकांनी लगेच बघितलं म्हणून निभावलं. हा खुर्द-बुद्रुकचाच सख्खा भाऊ होता: एकाची कृती दुसऱ्याच्या हाताखालून काढून घेणारी. नकाशाबाबत इतका विचार करून आम्ही हे बटण फोनवरच्या सवयीनं जसंच्या तसं ठेवलं होतं. जुलैच्या मध्यात ते काढलं आणि प्रत्येक नोंदीवर तिची तिची 'मागे घ्या' खूण दिली.

पुन्हा केलं तर

टेबल खरेदी होण्याआधी बोलावणं आलं असतं तर उंची आणि रुंदी आधी मोजली असती, तीही कक्षातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाला उभं करून. ६५ इंच हे मधल्या जागेपर्यंत हात न पोचायला पुरेसं मोठं आहे.

एका माऊसचा पर्याय मी फेकून देणार नाही. रात्रीसाठी तो पहिल्या दिवसापासून नीट घडवला असता, तर ऑपरेटरांना कोपऱ्यातल्या संगणकावर जुनी यादी उघडून काम करावं लागलं नसतं. आम्ही दिवसाच्या बैठका बघितल्या आणि त्यालाच कक्ष समजलो. एक रात्रपाळी बसून काढली असती तर पाखरंही दिसली असती.

विसरलेल्या खिडक्यांचं गणित अजून सुटलेलं नाही. माणूस फोन घ्यायला बाहेर जातो, त्याची खिडकी नकाशाचा तुकडा झाकून राहते. आम्ही तीन मिनिटांनी ती आपोआप मिटवायचो. त्यात एकदा निरीक्षकांची अर्धवट भरलेली नोंद गेली आणि त्यांनी आम्हाला जे सुनावलं ते योग्यच होतं. आता ती मिटत नाही, मालकाच्या कडेला जाऊन लहान होऊन बसते. मालक म्हणजे जिकडून उघडली ती कड. माणूस दुसऱ्या बाजूला गेलेला असेल तर अंदाज चुकतोच.

ऑक्टोबरमध्ये आम्ही शेवटची भेट दिली. टेबलाच्या चारही कडांवर सेलोटेपनं कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, स्केचपेननं लिहिलेल्या: महसूल, जलसंपदा, पोलीस, आरोग्य. स्क्रीनवर तेच शब्द आम्ही दिलेले होते. विचारलं तर शिपाई काकांनी सांगितलं, "टेबल बंद असलं तरी कुठं उभं ऱ्हायचं ते कळाय पायजे की." आग्नेयेच्या कोपऱ्यात पाचवी पट्टी होती: 'चहा इथे'. चौकटीला कप म्हणजे एक जाड, न हलणारं बोट वाटतं, आणि पावसाळाभर लोकांनी सगळे कप त्या एकाच कोपऱ्यात ठेवायची शिस्त स्वतः लावून घेतली होती. आम्ही लॅपटॉप उघडला आणि तेवढा कोपरा टचमधून वगळून टाकला.